शाळेच्या वर्कशॉपमध्ये विजेचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्रामीण भागातल्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना वर्कशॉप शिकवतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यातूनच आमच्याकडचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. सुतारकाम, वेल्डिंग, शेती यांच्यासोबत त्यात घरगुती वायरिंगही असतं. नवे शिक्षक, पालक आणि मुलं दरवर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

एवढ्या लहान मुलांच्या हातात विजेचं काम द्यावंच का?

द्यावं. आमच्याकडची मुलं तशीही विजेपासून लांब नसतात. शेतीची लाइट रात्री असली की बापाबरोबर विहिरीवर मोटार चालू करायला जातात, घरातलं बटण बिघडलं की आईच्या आधी तीच बोर्डाचं झाकण उघडतात. हे सगळं कुणी न शिकवता, चिखलात उभं राहून आणि अंधारात चाललेलं असतं. त्यापेक्षा त्यांनी वर्कशॉपमध्ये, शिक्षकासमोर, आरसीसीबीच्या (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या खटक्याच्या) मागे शिकलेलं बरं.

एक मर्यादा मात्र पाळायची. मुलं जोडणी करतात ती लाकडी सराव-बोर्डावर, आणि तो बोर्ड कशालाही जोडलेला नसतो. शाळेच्या इमारतीचं पक्कं वायरिंग, मीटर, मेन स्विच आणि थ्री फेज ही कामं परवानाधारक ठेकेदाराची आणि वायरमनची. मुलांनी तिथे हात घालायचा नाही. शिक्षकाकडे परवाना नसेल तर त्यानेही नाही.

किती करंटने माणूस दगावतो?

साधारण 1 मिलिअँपिअरला (अँपिअरच्या हजाराव्या भागाला) मुंग्या जाणवतात. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. लोक म्हणतात "करंटने ओढून घेतलं", पण ओढत काही नाही, आपलीच मूठ उघडत नाही. 30 च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून काही क्षण जरी गेला, तरी हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन माणूस जाऊ शकतो.

मुलांना मिलिअँपिअर हा आकडा कळत नाही, म्हणून मी देवघरातल्या झिरोच्या बल्बचं उदाहरण देतो. तो जुना बल्ब 15 वॅटचा असतो. 15 ला 230 ने भागलं की सुमारे 65 मिलिअँपिअर येतात. म्हणजे देवासमोर मिणमिणणारा बल्ब जेवढा करंट घेतो, तेवढा माणूस मारायला पुरतो. फळ्यावर हा भागाकार केला की वर्ग शांत होतो.

वर्कशॉपला फ्यूज आहे, एमसीबीही आहे. मग भीती कशाची?

वायरला भीती नाही, माणसाला आहे. एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका. 16 अँपिअरचा एमसीबी हा 16 अँपिअरच्या बराच वर भार गेला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. त्याचं काम वायर जळू न देण्याचं. तुमच्या अंगातून 0.1 अँपिअर जात असेल तर त्याच्या लेखी एक छोटा बल्ब लागला आहे. तो आरामात चालू राहील.

फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) वायरच्या चार-पाच तारा पिळून घातलेल्या मी कित्येक शाळांत पाहिल्या आहेत. तसं केलं की वायरचंही संरक्षण गेलं. फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, ते ऐकायचं.

मग माणसाला वाचवतं काय?

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दुकानात काहीजण अजून ईएलसीबी म्हणतात. त्याच्या आत एक कडी असते आणि तिच्यातून फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी तार) दोन्ही जातात. फेजमधून गेला तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत आला तर ठीक. एखाद्या पोराच्या अंगातून त्यातला काही जमिनीत गेला तर हिशोब जुळत नाही आणि खटका पडतो. गळती 30 मिलिअँपिअरची असेल तर जास्तीत जास्त 0.3 सेकंदात, बरीच मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा लाइट चालू असताना ते दाबायचं. खटका पडला नाही तर आरसीसीबी बाद समजायचा आणि नवीन येईपर्यंत वर्कशॉप बंद.

एक गोष्ट मुलांना फार ठासून सांगावी लागते. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला कळत नाही. गेला तेवढा करंट परत येतोय, फक्त तुमच्या छातीतून. तिथे तो तुम्हाला वाचवणार नाही.

आमचा आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडतो. काढून थेट जोडला तर चालेल का?

नाही. याच प्रश्नावर मी मुख्याध्यापकांशी वाद घातलेला आहे आणि पुन्हा घालीन. पावसात भिंत ओलावते, बोर्डात पाणी झिरपतं आणि तिथून करंट गळायला लागतो. आरसीसीबी तेच दाखवत असतो.

शोधायचं असं: सगळे एमसीबी पाडा, सगळे प्लग काढा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याला पडेल त्या लाइनवर दोष. सगळे चालू होऊनही टिकला, तर एकेक मशीन लावून बघा. बहुतेक वेळा ग्राइंडर, पाण्याची मोटार किंवा ओल्या भिंतीवरचा एखादा बोर्ड सापडतो. जुन्या इमारतीत आणखी एक भानगड असते. कुणीतरी शेजारच्या लाइनचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो, मग पंखा लावला की लगेच खटका पडतो. तो दोष आरसीसीबीत नसून वायरिंगमध्ये आहे आणि तो वायरमनकडूनच काढून घ्यावा लागतो.

लाइट गेलेली आहे. तेवढ्यात बोर्डाचं काम उरकून घेऊ का?

मला सगळ्यात जास्त धास्ती या प्रश्नाची वाटते. लाइट जाणं आणि लाइन बंद असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेलेली लाइट कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. तुमची बोटं तांब्यावर असताना ती येऊ शकते.

काम करायचं तर लाइन आपण बंद करायची आणि दुसरं कुणी चालू करू शकणार नाही अशी ठेवायची. किटकॅट फ्यूज असेल तर त्याची वरची कॅरिअर काढून शर्टाच्या खिशात. माझ्या खिशाला त्या चिनी मातीच्या तुकड्याने कायमचा फुगवटा आला आहे. एमसीबीचा डबा असेल तर त्याला छोटं कुलूप, किल्ली खिशात आणि खडूने मोठ्या अक्षरात "काम चालू आहे, हात लावू नये". कुलूप नसेल तर तिथे एक जबाबदार मुलगी उभी करा. तिला तेवढंच काम. शाळेत शिपाईमामा भल्या मनाने "सर, लाइट गेली होती, चालू केली" म्हणत खटका उचलतात आणि अपघात होतो.

आणि इन्व्हर्टर विसरू नका. ऑफिसचा इन्व्हर्टर अनेक शाळांत कुठल्या कुठे जोडलेला असतो. बाहेर गाव अंधारात असतं आणि वर्कशॉपच्या एका होल्डरमध्ये 230 व्होल्ट खेळत असतात.

टेस्टर पेटला नाही. म्हणजे बंदच ना?

त्यावर जीव टाकू नका. निऑनचा टेस्टर तुमच्याच अंगातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म करंटवर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो मंद होतो, भर उन्हात पेटलेला दिसत नाही, आणि पडून आतला भाग तुटला असेल तर कधीच पेटत नाही.

पद्धत अशी: आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर लावा, पेटला पाहिजे. मग जिथे काम करायचं तिथे लावा, सगळ्या तारांना, फक्त लाल तारेला नाही. मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर. शेवटी पेटला तरच मधलं "बंद" खरं मानायचं.

सगळ्या तारांना का, ते सांगतो. पूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. वर्गातला होल्डर बदलायचा होता. बटण बंद केलं, बल्ब विझला, बाकावर चढलो. डावा हात खिडकीच्या गजावर होता. उजव्या हाताचं बोट होल्डरच्या स्क्रूला लागलं आणि मी बाकावरून खाली आलो. कोपर सोललं, हाताला संध्याकाळपर्यंत मुंग्या होत्या. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं होतं. बटण बंद केलं की बल्ब विझायचा, पण होल्डरमधला फेज तसाच जिवंत राहायचा. पंधरा-वीस मुलं खाली बसून बघत होती. तो गज आणि तो स्क्रू मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्या दिवसापासून मी बटण बंद करून कधी काम केलेलं नाही, मेन बंद करतो.

अर्थिंग आहे की नाही, कसं ओळखायचं?

अर्थिंग म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाकडे बघून ती आहे की नाही ते कळत नाही. कित्येक बोर्डांत त्या भोकामागे तारच नसते. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहा. 5 ओहमच्या आत असेल तर चांगलं.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि तोच आकडा 50 वर गेला असं धरा. ड्रिल मशीनच्या पत्र्याला फेज लागला, तर अर्थमधून 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि मशीनचा पत्रा जिवंत राहील. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. मार्च ते मे आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं काम आमच्याकडे नववीचा वर्ग करतो.

मुलांना पहिलं काम कोणतं द्यावं?

थ्री पिन टॉप, म्हणजे वायरच्या टोकाचा तीन पिनांचा प्लग, बसवणं. साधं वाटतं, पण वर्कशॉपमधले निम्मे धोके त्यात सामावले आहेत.

टॉप उघडा. तीन पिनांत एक लांब आणि जाड आहे, ती अर्थ. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. वायरचं वरचं आवरण दोन बोटं सोला, आतल्या तारांच्या इन्सुलेशनला पातं लागू देऊ नका. लागलंच तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सुरुवात. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार लांब पिनेला. लाल किंवा तपकिरी फेजला, काळी किंवा निळी न्यूट्रलला. सॉकेटकडे तोंड करून, अर्थचं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे असतो. हिरवी तार इतर दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा. कुणी वायर हिसकली तर फेज आधी तुटेल, अर्थ शेवटी.

तांब्याच्या तारा उजवीकडे पिळून स्क्रूखाली घाला, एकही बाहेर डोकावता कामा नये. वायर पकडणारी पट्टी आवरणावर बसली पाहिजे, आतल्या तारांवर नाही. मग झाकण लावायच्या आधी मला दाखवायचं. मी वायर धरून जोरात ओढतो. निघाली तर पुन्हा.

हिरवी तार चुकून फेजच्या पिनेला लागली तर काय होईल, हे मी प्रत्येक तुकडीला विचारतो. मशीनचा सगळा पत्रा जिवंत होईल. मशीन आवाजही करणार नाही, आणि मूल "चालू होत नाही" म्हणून दोन्ही हातांनी ते धरेल.

सिरीज बोर्डावर तपासलं तर शॉक बसत नाही, खरं का?

खोटं, आणि फार पसरलेलं. सिरीज बोर्डावर तपासायची वस्तू एका बल्बच्या मालिकेत जोडतात. तो बल्ब 60 वॅटचा असेल तर शॉर्ट झालं तरी करंट सुमारे 0.26 अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून फ्यूज उडत नाही आणि ठिणगी पडत नाही. नवीन जोडणी पहिल्यांदा सिरीजवरच तपासावी. पण 0.26 अँपिअर म्हणजे 260 मिलिअँपिअर. वरचा देवघरातला बल्ब आठवा.

चपला बाहेर काढून वर्कशॉपमध्ये यायचं का?

नाही. शाळेत चपला वर्गाबाहेर काढायची आपल्याकडे सवय आहे आणि इतर खोल्यांत ती चांगलीच आहे. वर्कशॉपच्या दाराशी मात्र मी उलटा नियम ठेवला आहे: पायात काही नसेल तर आत यायचं नाही. जुलैमध्ये शहाबादी फरशीला ओल येते आणि अनवाणी पाय म्हणजे जमिनीशी पक्की जोडणी. रबरी तळाचे कोरडे बूट उत्तम, नसतील तर निदान कोरडी रबरी चप्पल. टेबलापुढे रबरी मॅट घाला.

हातातलं कडं, अंगठी, धातूच्या बांगड्या, गळ्यातली साखळी काढून डब्यात. काही मुली बांगड्या काढायला कचरतात, घरी काय म्हणतील म्हणून. मी पालकसभेत आयांशी आधीच बोलून घेतो. एकदा कारण सांगितलं की एकीनेही आजवर नाही म्हटलेलं नाही. ओढणी कमरेला बांधायची, वेणी आत खोचायची, कारण ड्रिल मशीन ती गुंडाळून घेतं.

12 व्होल्टची बॅटरी तर निर्धोक असते ना?

शॉकच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो, भाजण्याच्या बाबतीत अजिबात नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. पाना लाल होतो आणि हातात अंगठी असेल तर तीही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ ठिणगी नाही. मोबाइलच्या जुन्या, फुगलेल्या बॅटऱ्या मुलं प्रयोगाला आणतात. त्या सोलायच्या नाहीत, टोचायच्या नाहीत.

पंख्याच्या आणि मोटारीच्या कॅपॅसिटरचंही तसंच. लाइन बंद केल्यावरही त्यात चार्ज उरतो. होल्डरमध्ये बल्ब लावून होल्डरच्या दोन तारा कॅपॅसिटरच्या दोन टोकांना टेकवल्या की तो निघून जातो. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुना डबा टीव्ही शाळेत उघडूच नका.

वेल्डिंगला व्होल्टेज कमी असतं. मग काळजी कशाची?

मशीन नुसतं चालू असताना होल्डरवर 50 ते 80 व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. एप्रिलमध्ये घामाने भिजलेल्या मोज्यात, लोखंडी चौकटीवर बसून रॉड बदलताना जाणवतात. मोजे ओले झाले की बदला, कामाच्या लोखंडावर बसू नका, रॉड काखेत धरून काच पुसू नका.

छतावर सोलर बसवलं आहे. मेन बंद केला की तेही बंद होतं का?

इन्व्हर्टर बंद होतो, पॅनेल होत नाहीत. ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत डीसी व्होल्टेज असतंच, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलांचं मिळून ते शेकड्यांत असू शकतं. त्या तारांना मुलांनी किंवा शिक्षकांनी हात लावायचा नाही.

कुणाला शॉक बसला तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

त्याला धरायचं नाही. पहिलं काम मेन स्विच. म्हणून मेन कुठे आहे ते प्रत्येक मुलाला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे आणि त्याच्यासमोर बाक, रद्दी, झाडू काही ठेवलेलं नसावं. मेन लांब असेल तर प्लग उपटा. तेही जमत नसेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन, स्वतः कोरड्या जागी उभं राहून, त्याचा हात वायरपासून ढकला. बाहेर रस्त्यावर महावितरणची तुटलेली तार असेल तर काठीही नाही. लांब राहा, सगळ्यांना लांब ठेवा आणि 1912 ला फोन करा.

सुटल्यावर हाक मारा, छाती हलते का बघा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. 30 दाब, 2 श्वास. श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. पाणी पाजणं आणि तळवे चोळणं यात वेळ घालवू नका. आमच्या दहावीच्या प्रत्येक मुलाने हे गादीच्या वळकटीवर केलेलं असतं.

उठून बसला, हसला, "काही नाही सर" म्हणाला, तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगून ईसीजी काढून घ्या. वरून छोटा डाग दिसतो, आत जास्त भाजलेलं असू शकतं. घरच्यांना त्याच दिवशी कळवा. लपवू नका.

आग लागली असेल तर पाणी नको. आधी मेन, मग कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, नाहीतर वाळूची बादली.

शिकल्यावर मुलं गावात दुरुस्त्या करायला गेली तर?

जातातच, आणि आजीच्या मिक्सरला नवा टॉप बसवून दिल्याचा त्यांना अभिमान असतो. त्यांच्याकडून मी एक कबुली घेतो: प्लग काढून टेबलावर आणता येईल तेवढंच काम करायचं. भिंतीतलं, खांबावरचं, मोटारीच्या स्टार्टरमधलं नाही, मग सांगणारे सख्खे काका असोत. "सरांनी नको म्हटलंय" असं माझं नाव सांगून मोकळं व्हायचं. वडीलधाऱ्यांना स्वतःच्या नावावर नाही म्हणणं मुलांना जड जातं.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काय बघावं?

दोन महिने बंद असलेल्या वर्कशॉपमध्ये उंदरांनी वायर कुरतडलेली असते, बोर्डात पालीची अंडी असतात, आणि वळवाच्या पावसाने एखादी भिंत ओली झालेली असते. म्हणून मुलं यायच्या आधी एक दिवस मी एकटा न जाता वायरमनला घेऊन जातो. मेन बंद करून सगळे बोर्ड उघडून बघतो, काळवंडलेले सॉकेट बदलतो, प्रत्येक मशीनची वायर हातातून सरकवत टोकापर्यंत तपासतो. टेप गुंडाळलेली जागा लागली की ती वायरच बदलायची. मग लाइट चालू करून आरसीसीबीचं 'टी' बटण दाबतो, आणि खटका पडला की रजिस्टरमध्ये तारीख टाकून आम्ही दोघं सही करतो.